नवं फीचर खरंच काम करतं का? श्रवणयंत्रांच्या चाचण्या वाचताना

‘नव्या तंत्रज्ञानाचं मूल्यमापन’ हा शब्दप्रयोग पीएचडीच्या प्रस्तावांत इतका सर्रास दिसतो, की त्याचा नेमका अर्थ काय, हे कुणी विचारतच नाही. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर तुमच्याही शीर्षकात हे शब्द असण्याची बरीच शक्यता आहे. मग आरआरसीपुढे पहिला प्रश्न येतो: मूल्यमापन कशाच्या तुलनेत? आणि तिथेच गाडी अडते.

आज यासाठी मी श्रवणयंत्रांचं उदाहरण घेतोय. आपल्याकडे घरात सगळे त्याला ‘कानाचं मशीन’ म्हणतात, मीही अधूनमधून तेच म्हणेन. तुमचा विषय ऑडिओलॉजी नसला तरी वाचा. शिक्षणातलं ॲप असो, शेतीतला सेन्सर असो किंवा औषधाची नवी गोळी असो, सगळीकडे हेच खड्डे आहेत. कानाच्या मशीनमध्ये ते जरा लवकर दिसतात एवढंच.

गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात बरंच घडलंय. २०२१ च्या सुरुवातीला ओटिकॉन कंपनीने ‘मोर’ हे यंत्र आणलं. त्याच्या आतच डीप न्यूरल नेटवर्क होतं. ऑक्टोबर २०२२ पासून अमेरिकेत सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्या प्रौढांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दुकानातून श्रवणयंत्र विकत घेता येऊ लागलं. ऑगस्ट २०२४ मध्ये फोनॅकने बोलणं आणि गोंगाट वेगळे करण्यासाठी स्वतंत्र चिप असलेलं यंत्र जाहीर केलं. त्याच्या पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या एफडीएने ॲपलच्या एअरपॉड्स प्रो २ मधल्या श्रवणयंत्राच्या सॉफ्टवेअरला मान्यता दिली. प्रत्येक वेळी माहितीपत्रकात आलेख होता, टक्केवारी होती आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात एक तळटीप होती.

आपल्याकडे वरच्या श्रेणीतल्या दोन कानांच्या जोडीची किंमत काही लाखांत जाते. साध्या श्रेणीतली जोडी त्याच्या काही पट स्वस्त मिळते. मधला फरक बहुतेक वेळा या नव्या फीचर्सचा असतो. ग्रॅच्युइटीच्या पैशातून तो फरक मोजायचा की नाही, हे ठरवणाऱ्या माणसाला आपल्या संशोधनातून काही उत्तर मिळतं का? माझ्या मते या विषयावरच्या प्रत्येक पेपरला हा प्रश्न विचारायला हवा.

आधी थोडी पार्श्वभूमी. वयामुळे ऐकू कमी येणाऱ्या माणसाची तक्रार साधारण अशी असते: ‘आवाज येतो हो, पण शब्द कळत नाहीत.’ शांत खोलीत एकाशी बोलताना फारशी अडचण नसते. लग्नाच्या हॉलमध्ये मात्र काहीच समजत नाही. कारण कानाचं नुकसान म्हणजे फक्त आवाज बारीक होणं नव्हे. गोंगाटातून बोलणं निवडून घेण्याची ताकदही कमी होते. बोलणं गोंगाटापेक्षा किती वर आहे, याला सिग्नल-टू-नॉइज रेशो म्हणतात. दोन्ही सारखेच असतील तर तो ० डेसिबल. तुम्हाला-मला ज्या रेशोला वाक्य समजतं, त्याहून काही डेसिबल जास्तीचे या माणसाला लागतात. आणि समजणं जिथे डळमळत असतं, त्या मधल्या पट्ट्यात एकेक डेसिबल मोलाचा असतो. वाक्यांच्या चाचणीत तिथे दर डेसिबलमागे साधारण १० टक्के किंवा त्याहूनही जास्त फरक पडतो. म्हणूनच कंपन्या डेसिबलच्या भाषेत बोलतात.

आता समजा, माहितीपत्रकात लिहिलंय: ‘नव्या फीचरमुळे सिग्नल-टू-नॉइज रेशोत ६ डेसिबल सुधारणा.’ हे वाक्य मी उदाहरणासाठी तयार केलंय, पण अशी वाक्यं तुम्हाला भरपूर सापडतील. हे ६ डेसिबल कुठून आले?

बऱ्याचदा ते माणसाकडून आलेलेच नसतात. प्रयोगशाळेत कृत्रिम कान असलेला पुतळा असतो. त्याला यंत्र लावतात, समोरून बोलणं आणि मागून गोंगाट सोडतात आणि यंत्रातून बाहेर काय आलं ते रेकॉर्ड करतात. बाहेर आलेल्या आवाजातलं बोलणं किती आणि गोंगाट किती, हे वेगळं काढण्याची एक छान युक्ती हागरमन आणि ऑलोफसन यांनी २००४ मध्ये मांडली. तेच रेकॉर्डिंग दोनदा करायचं, दुसऱ्या वेळी गोंगाटाची लहर उलटी करायची. दोन्हींची बेरीज केली की गोंगाट कटतो आणि बोलणं उरतं, वजाबाकी केली की उलट. पद्धत सुंदर आहे, पण ती पुतळ्याबद्दल सांगते. पुतळ्याच्या कानात यंत्र हवाबंद बसवलेलं असेल आणि खऱ्या माणसाच्या कानात भोकं असलेली सिलिकॉनची मऊ टोपी, म्हणजे ओपन डोम, असेल, तर त्या भोकांतून बाहेरचा गोंगाट थेट आत शिरतो. विशेषतः खालच्या पट्टीतला. यंत्राने आत कितीही सफाई केली तरी शेजारच्या दारातून धूळ येतच राहते. तळटीपेत डोम कोणता होता हे लिहिलंय का, ते शोधा.

दुसरी गोष्ट तुलनेची. ‘फीचर चालू’ हे कशाशी ताडून पाहिलं? यंत्रच नाही याच्याशी? त्याच यंत्रात फीचर बंद करून? की पाच वर्षं जुन्या यंत्रातल्या त्याच कामाच्या जुन्या फीचरशी? तिन्ही तुलना खऱ्या आहेत, पण तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. ज्याच्याकडे आधीच मशीन आहे, त्याच्यासाठी फक्त तिसरं उत्तर कामाचं. जाहिरातीत मात्र पहिलं किंवा दुसरं असतं, कारण तिथे आकडा मोठा येतो.

आणि तुलनेत लपलेला सगळ्यात मोठा चोर म्हणजे आवाजाची पातळी. संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने हा भाग दोनदा वाचावा. समजा, तुम्ही ‘अ’ आणि ‘ब’ अशी दोन यंत्रं तपासताय. ‘ब’मध्ये नवं फीचर आहे. कंपनीच्या सॉफ्टवेअरने दोन्ही आपोआप बसवली, आणि ‘ब’ने वरच्या पट्टीत थोडा जास्त आवाज दिला. स, श, छ, फ यांसारख्या ध्वनींची बरीचशी ओळख वरच्या पट्टीत असते. ते जास्त ऐकू आले, शब्द जास्त कळले. तुम्ही लिहिलंत: ‘ब’चं फीचर प्रभावी. प्रत्यक्षात तुम्ही आवाजाचं बटण मोजलंत. म्हणून चांगल्या अभ्यासात प्रत्येक सहभागीच्या कानात बारीक नळी घालून, पडद्याजवळ खरोखर किती आवाज पोचतोय ते मोजतात आणि दोन्ही यंत्रं एकाच सूत्रानुसार, बहुतेकदा एनएएल-एनएल २ नुसार, जुळवून घेतात. पेपरच्या ‘पद्धती’ या भागात या मोजमापाचा उल्लेखच नसेल, तर निष्कर्ष वाचण्याची घाई करू नका. तुमच्या विषयातही असं एखादं ‘आवाजाचं बटण’ असणारच. नव्या शिक्षणपद्धतीच्या वर्गाला शिक्षकाचा जास्त वेळ मिळाला, हे तसंच एक बटण.

इथपर्यंत यंत्राची बाजू झाली. आता माणसाची.

मँचेस्टर विद्यापीठातल्या पियर्स डॉज, केविन मन्रो आणि सहकाऱ्यांनी २०११ आणि २०१३ मध्ये दोन छोटे अभ्यास प्रसिद्ध केले. सहभागींना दोन श्रवणयंत्रं दिली आणि सांगितलं, एक नवं आहे, एक नेहमीचं. दोन्ही यंत्रांतून येणारा आवाज अगदी सारखाच होता. तरी बहुसंख्य लोकांनी ‘नवं’ पसंत केलं, त्याच्या आवाजाला जास्त गुण दिले. इथवर नवल नाही, कुणालाही वाटेल की लोक मनाचं सांगतात. पण गोंगाटात शब्द ओळखण्याच्या चाचणीतही ‘नव्या’ यंत्राचे गुण थोडे का होईना वर गेले. म्हणजे नुसत्या अपेक्षेने माणूस जास्त लक्ष देऊन ऐकतो, आणि ज्याला आपण ‘वस्तुनिष्ठ’ चाचणी म्हणतो तीसुद्धा हलते. ‘मी प्रश्नावली वापरली नाही, प्रत्यक्ष गुण मोजले, म्हणून ब्लाइंडिंगची गरज नाही’ असं कुणी म्हणालं, तर त्याला हे दोन पेपर दाखवा.

इंडियाना विद्यापीठात लॅरी ह्यूम्स यांच्या गटाने याच्या पुढचं पाऊल टाकलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची चाचणी या क्षेत्रात दुर्मिळ अशी डबल-ब्लाइंड, प्लासिबो असलेली होती. ५५ ते ७९ वयाचे १५४ प्रौढ, तीन गट. एका गटाला ऑडिओलॉजिस्टने नीट मोजून बसवलेली यंत्रं. दुसऱ्या गटाने तीच यंत्रं दुकानातल्यासारखी स्वतः निवडून घेतली. तिसऱ्या गटालाही तीच यंत्रं, पण अशी लावलेली की आवाज वाढतच नव्हता. सहा आठवड्यांनी पहिल्या दोन्ही गटांना खरा फायदा दिसला, म्हणजे कानाचं मशीन ही काही अंधश्रद्धा नाही. पण तिसऱ्या गटातल्याही सुमारे एक-तृतीयांश लोकांनी आपण हे यंत्र विकत घेऊ असं सांगितलं! आवाज न वाढवणारं यंत्र. ‘आमच्या ग्राहकांपैकी इतके टक्के समाधानी’ हा आकडा एकट्याने किती पोकळ असू शकतो, हे यावरून समजा.

या चाचणीत किंमतही बदलून पाहिली होती. काहींना ३,६०० डॉलर सांगितले, काहींना ६००. परिणामांत फरक पडला नाही.

मग वरच्या श्रेणीतली यंत्रं? मेम्फिस विद्यापीठात रॉबिन कॉक्स, जानी जॉन्सन आणि जिंगजिंग शू यांनी याच प्रश्नावर काम केलं. २०१४ च्या पेपरात २५ जण, प्रत्येकाने चार जोड्या एकेक महिना वापरल्या: दोन मोठ्या कंपन्यांच्या, प्रत्येकीची एक वरच्या श्रेणीतली आणि एक साधी. कोणती कोणती हे सहभागींना माहीत नव्हतं. सगळ्या जोड्यांमुळे फायदा झाला. वरच्या आणि साध्या श्रेणीत मात्र सांगण्यासारखा फरक आढळला नाही. २०१६ मध्ये ४५ जणांच्या अभ्यासात, रोजच्या आयुष्याबद्दल विचारल्यावरही, तेच चित्र.

हा निष्कर्ष वाचून लगेच टाळ्या वाजवायचा मोह होतो: बघा, कंपन्या लुटतात! जरा थांबा. ‘फरक आढळला नाही’ आणि ‘फरक नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत. २५ माणसांत लहानसा फरक निसटू शकतो. शिवाय हे सगळे सौम्य ते मध्यम दोष असलेले वयस्क लोक होते. ज्यांचा दिवस शांत घरात जातो त्यांना गोंगाटातलं फीचर वापरायची वेळच किती येणार? रोज मीटिंगमध्ये बसणाऱ्या माणसाबद्दल हा अभ्यास ठामपणे काही सांगत नाही. आणि ती यंत्रं त्या काळची होती. माझं मत विचाराल तर, हे पेपर आजच्या यंत्रांबद्दलचा निकाल म्हणून वाचण्यापेक्षा रचना कशी करावी याचा वस्तुपाठ म्हणून वाचावेत. प्रत्येक माणूस स्वतःचीच तुलना स्वतःशी करतो, क्रम बदलत राहतो, नाव झाकलेलं असतं, आणि महिनाभर खऱ्या घरात वापर होतो. तुमच्या हाताशी माणसं कमी असतील तर अशी क्रॉसओव्हर रचना सोन्यासारखी. फक्त दोन टप्प्यांत सवय व्हायला पुरेसा वेळ ठेवा, नाहीतर पहिल्या यंत्राची सवय दुसऱ्याचे गुण खाते.

आता एक कोडं. प्रयोगशाळेत फीचर चालतं, घरी फरक कळत नाही. कोण खोटं बोलतंय? कुणीच नाही. प्रयोगशाळेतल्या बऱ्याच चाचण्या ‘अडॅप्टिव्ह’ असतात. म्हणजे वाक्य बरोबर आलं की गोंगाट वाढवा, चुकलं की कमी करा, आणि माणूस निम्मं ओळखतो तिथे थांबा. हे मोजायला सोयीचं. पण निम्मंच कळत असताना खऱ्या आयुष्यात कोण गप्पा मारत बसतं? माणूस ‘हो हो’ म्हणून मान डोलावतो किंवा उठून बाहेर जातो. स्टॉकहोममध्ये कॅरोलिना स्मेड्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये श्रवणयंत्र वापरणाऱ्यांच्या रोजच्या आवाजांची रेकॉर्डिंग तपासली. बोलणं गोंगाटाच्या खाली गेलेले प्रसंग त्यांना फार थोडे सापडले. आयोवा विद्यापीठात यू-श्यांग वू यांच्या गटाला २०१८ मध्ये बहुतेक प्रसंग २ ते १४ डेसिबलच्या दरम्यान मिळाले. प्रयोगशाळेतली परीक्षा आणि आयुष्यातला पेपर यांचा अभ्यासक्रमच वेगळा. (हे आकडे स्वीडन आणि अमेरिकेतल्या घरांचे आहेत. दादरच्या फलाटावर किंवा गणपतीच्या मांडवात काय मिळेल, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. कुणी घेत असेल तर मला आनंदच होईल.)

यासाठी दोन शब्द लक्षात ठेवा. नियंत्रित परिस्थितीत परिणाम होतो का, ही एफिकसी. रोजच्या वापरात होतो का, ही इफेक्टिव्हनेस. वू यांच्याच गटाने २०१९ मध्ये दिशादर्शी मायक्रोफोन आणि गोंगाट कमी करणाऱ्या फीचर्ससाठी दोन्ही एकाच अभ्यासात मोजलं. लोकांच्या फोनवर दिवसात अनेकदा छोटे प्रश्न पाठवले: आत्ता कुठे आहात, कोण बोलतंय, किती कळतंय? प्रयोगशाळेतला फायदा घरी पोचेपर्यंत आटला, आणि वरच्या श्रेणीचा वरचढपणा प्रत्यक्ष वापरात दिसला नाही. महिन्याच्या शेवटी आठवून भरलेल्या प्रश्नावलीपेक्षा ही पद्धत कितीतरी प्रामाणिक. पण सहभागीला स्मार्टफोन सफाईने वापरता यायला हवा, आणि तिथेच नमुना शहरी, शिकलेला होऊन बसतो. त्याचा उल्लेख मर्यादांमध्ये करायला विसरू नका.

न्यूरल नेटवर्कच्या फीचर्सबाबत एक वेगळी काळजी घ्यावी लागते. जुन्या पद्धतीचं, एकाच मायक्रोफोनवर चालणारं फीचर ज्या पट्टीत गोंगाट जास्त, त्या पट्टीचा आवाजच खाली करायचं. त्या पट्टीतलं बोलणंही सोबत खाली जायचं, म्हणून ऐकायला आराम वाटला तरी शब्द फारसे जास्त कळत नसत. न्यूरल नेटवर्क क्षणाक्षणाला बोलणं आणि गोंगाट वेगळं काढू पाहतं. ओहायो स्टेट विद्यापीठात एरिक हीली आणि डीलियांग वांग यांच्या गटाने २०१३ मध्ये श्रवणदोष असलेल्यांना याचा मोठा फायदा दाखवला. गंमत पुढे आहे. तिथे वाक्यं नवी होती, पण प्रशिक्षणाला आणि चाचणीला वापरलेला गोंगाट तोच होता. गाइडमधले प्रश्न जसेच्या तसे परीक्षेत आल्यासारखं. टीका झाली. २०१५ मध्ये त्याच गोंगाटाचे न ऐकलेले तुकडे घेऊन, आणि २०१६ मध्ये १०,००० वेगवेगळ्या गोंगाटांवर शिकवून, अगदी अनोळखी गोंगाटात चाचणी झाली. तिथेही फायदा टिकला. एका गटाने आपल्याच निष्कर्षाला तीन वर्षं अधिकाधिक कठीण परीक्षेला बसवलं, म्हणून मला हे काम फार आवडतं.

तुम्ही असं यंत्र तपासणार असाल, तर विचारा: कोणत्या भाषेवर, कोणत्या गोंगाटावर शिकलंय? कंपनी बहुधा पूर्ण सांगणार नाही. मग तुमची चाचणी तरी तुमच्या माणसांच्या भाषेत असू द्या. साताऱ्याच्या आजोबांना इंग्रजी वाक्यं ऐकवली तर तुम्ही त्यांचं इंग्रजी मोजाल. आणि मराठी म्हणजे इंग्रजी यादीचं भाषांतर नव्हे. आपल्याकडे काल आणि काळ, मन आणि मण, पाट आणि पाठ यांत अर्थ बदलतो. आवाज ‘साफ’ करताना हे बारकावे पुसले जातात की टिकतात, हे इंग्रजी यादी कधीच सांगणार नाही.

मोजमापाबद्दल थोडंच सांगतो, कारण त्यावर वेगळं लिहायला लागेल. आयओआय-एचए ही सात प्रश्नांची प्रश्नावली सुटसुटीत आहे, अनेक भाषांत आहे, पण दोन्ही यंत्रं बरी असली की सगळे वरचेच गुण देतात आणि फरक बुडून जातो. यंत्र स्वतः नोंदवतं ते रोजच्या वापराचे तास जरूर घ्या. कपाटात पडलेल्या मशीनचं कोणतंच फीचर चालत नाही. शब्द तितकेच कळले तरी ऐकण्याचे कष्ट कमी झाले, हाही खरा फायदा असू शकतो. पण तो मोजायचा असेल तर आधीच ठरवून मोजा. शब्दांत फरक आला नाही म्हणून शेवटी ‘कष्ट तरी कमी झाले’ असं शोधत बसलात, तर परीक्षक पकडतील, आणि पकडावंच.

राहता राहिला ब्लाइंडिंगचा व्यवहार. तुमच्याकडे नवं फीचर असलेलं यंत्र आहे, फीचर चालू आणि बंद अशा दोन महिन्यांची तुलना करायचीय. न्यूरल नेटवर्कचं काम वीज खातं, त्यामुळे चालू असलेल्या महिन्यात चार्जिंग लवकर संपतं. चाणाक्ष सहभागी दुसऱ्याच दिवशी ओळखतो. ॲपमधून फीचरचं नाव दिसतं, म्हणून ॲप बंद ठेवा. फोन करून विचारपूस करणाऱ्या सहायकालाही कोणता महिना चाललाय हे कळू देऊ नका. आणि अगदी शेवटी, सगळे गुण नोंदवून झाल्यावर, प्रत्येकाला विचारा: ‘कोणत्या महिन्यात फीचर चालू होतं असं तुम्हाला वाटतं, आणि कशावरून?’ उत्तरं निम्मी बरोबर, निम्मी चूक आली तर पडदा टिकला. बहुतेकांनी बरोबर ओळखलं असेल, तर ‘कशावरून’चा रकाना वाचा. तिथे ‘बोलणं स्पष्ट यायचं’ असं लिहिलंय की ‘बॅटरी लवकर उतरायची’, यावर तुमच्या निष्कर्षाचं वजन ठरेल.